कानाचा होकार

इंजिनावर वारा सोडणारा ब्लोअर बंद झाला, तसे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमधले सगळे गप्प झाले. ताकद मोजायच्या रोलरवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली पिकअप तेवढी सुरू होती. उमाकांतअण्णा बॉनेटसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटले.

पंधरा वर्षांचा रिवाज होता हा. लॅपटॉपवरून इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवी फाईल चढवायची, डिझेल वाढवायचं, टर्बोचा दाब वाढवायचा. पडद्यावर ताकदीचा आलेख वर गेला की गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या पिटायचं. अण्णांचा मात्र आलेखावर अर्धाच विश्वास. शेवटी ते नुसते उभे राहून ऐकायचे. गाडीला हात लावायचा नाही, हात लावला की कान आळशी होतो, हा त्यांचा हट्ट. इंजिन आतून ठोकत नाही, पिस्टन फोडणारी टकटक कुठे नाही, अशी खात्री पटली की ते म्हणायचे, "सरी." म्हणजे कानडीत ठीक, घेऊन जा. त्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे. यशवंतपूरचे टेम्पोवाले काय आणि आयटीतली पोरं काय, त्या एका शब्दासाठी दोन-दोन आठवडे थांबत.

आणि गेले सहा महिने अण्णांना इंजिन ऐकूच येत नव्हतं.

डावा कान साफ गेला होता. उजव्याशी तोंड आणून कुणी बोललं तर शब्द कळत, बाकीचं ओठांवरून जुळवून घ्यायचं. नस गेली आहे, आता परत येणं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, प्रतिमाला. "गुरुराजला तरी सांगा हो," असं ती रोज डबा हातात देताना म्हणायची. गुरुराज बेळगावकडचा, बारा वर्षांपासूनचा भागीदार. त्याच्यापासून लपवणं वाईट, हे अण्णांनाही कळत होतं. पण सांगायचं तरी काय? ज्या कानावर दोघांची चूल पेटते, तो कानच उरला नाही म्हणून?

सहा महिने ते डोळे मिटून मनात शंभरपर्यंत आकडे म्हणत आणि "सरी" म्हणून मोकळे होत. मागच्या महिन्यात असाच एक टेम्पो सोडला, तो तुमकूरच्या रस्त्यावर पिस्टन फुटून उभा राहिला. अण्णांनी डिझेलच्या भेसळीवर खापर फोडलं. गुरुराजनं नुसती मान डोलावली. ती मान आठवली की अण्णा उघडलेला डबा तसाच झाकून ठेवत.

आजची पिकअप ध्रुवची. पुण्याहून नोकरीसाठी आलेला हा पोरगा. हौसेनं गाडी उंच करून घेतलेली, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे, पुढे लोखंडी बंपर. "अण्णा, टायर चेंज केल्यापासून चढावर गाडी एकदम डेड होते," तो सकाळी म्हणाला होता. "मला फुल पॉवर पाहिजे. पण सेफ हां. लडाखला चाललोय, गौरी पण असणारे सोबत." गौरी त्याची बायको. लग्नाला चार महिने झालेले.

तेव्हाच अण्णांनी ठरवून टाकलं. आज खोटं बोलायचं नाही. ऐकू आलं तर ठीक, नाही तर गुरुराजला सगळं सांगून टाकायचं आणि उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी दुसरं कुठलं काम जमणार, हा विचार त्यांनी मुद्दामच केला नाही.

ते कान देऊन उभे राहिले. दोन हातांवर इंजिन चालू होतं आणि त्यांच्या डोक्यात नुसता कापूस भरला होता. त्यांनी श्वास रोखून पाहिला. मान कलती करून पाहिली. काही नाही. आकडे म्हणायचा मोह झाला, तो त्यांनी दाबला. संपलं, ते मनाशी म्हणाले, आणि त्यांना रडू फुटायची वेळ आली.

तेवढ्यात आवाज आला.

आधी अगदी बारीक, लांबून. मग जवळ आला, भरत गेला. एकसारखी, सलग घरघर. कुठे ठोका नाही, कुठे अडखळणं नाही. आणि दोन्ही कानांत! मेलेल्या डाव्यातसुद्धा! अण्णांच्या अंगावर काटा आला. डॉक्टर म्हणजे काय ब्रह्मदेव लागून गेला? आधी प्रतिमाला फोन करायचा. मग तो तुमकूरचा टेम्पो परत आणवून फुकट नीट करून द्यायचा. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरलं, तेही त्यांनी पुसलं नाही.

कुणीतरी त्यांचा दंड धरला. त्यांनी डोळे न उघडताच तो झटकला.

"थांब रे, स्वल्प, जरासं ऐकू दे," ते हसत म्हणाले. "काय सुरेख चाललंय! सरी. एकदम सरी."

दंडावरची पकड सुटेना. अण्णांनी डोळे उघडले. ध्रुव भिंतीपाशी जाऊन उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. गुरुराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं अण्णांच्या उजव्या कानाशी तोंड आणलं.

"अण्णा, लई ठोकायला लागलं म्हणून मी इंजिन बंद केलो. दोन मिनिटं झाली की."