गिनीपिगचं नाव

आमची ही गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी हिमायतनगरात नवं राज्य झाल्याचे फटाके वाजत होते. पुढे घर फारच गप्प झालं, म्हणून लेकीने कुकटपल्लीहून मला एक गिनीपिग आणून दिलं.

नावावरून मायलेकींची जुंपली. कुकटपल्लीचं म्हणून नात यशूला 'कुकी' हवं होतं आणि लेकीला 'मिठू'.

"मम्मी, मिठू पोपटाचं नाव असतं," यशू म्हणाली.

"एका राज्याची दोन झाली, तुम्ही नावंही दोन ठेवा," जावई म्हणाले.

ते जनावर मात्र एकाही नावाला कान हलवेना.

संध्याकाळी मी फिरून आलो, चपला काढल्या आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "अगं, ऐकलंस का?"

पिंजऱ्यातून शिट्टीसारखा आवाज आला. मी पुन्हा "अगं" म्हटलं, पुन्हा शिट्टी.

यशू हसत सुटली. "हौ आजोबा, झालं की नाव. आजपासून ही 'अगं'."

"नक्को बाळा. दुसरं कोणतंही ठेव. हे तुझ्या आजीचं आहे."

"कायकू? आजीचं नाव तर मालन होतं ना?"



होतं. त्या नावाने तिला हाक मारायची राहूनच गेली.