रानातल्या अळ्या

"दोन," सर म्हणाले आणि त्यांनी पान सोडलं. अळीमावशीने वहीत दोन लिहिला.

सकाळपासून हेच चाललं होतं. मक्याचं रोप वाकवायचं, शेंड्याच्या कोवळ्या पोंग्याजवळच्या पानांवरची भोकं बघायची, गुण द्यायचा. नऊ म्हणजे पानाची पार चाळण, एक म्हणजे अळीने तोंडही लावलेलं नाही. औषधाचा एक थेंबही न मारता खोडकिडीला पुरून उरेल असा वाण काढण्यात सरांची बावीस वर्षं गेली होती. मागच्या वाणाने शेतकऱ्यांच्या शेतात जाताच नांगी टाकली, तेव्हा सर महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते. आता हा शेवटचा. उद्या तो वाण मंजूर करणाऱ्या समितीपुढे जाणार होता, आणि महिनाअखेरीला सर निवृत्त.

"दोन," सर पुन्हा म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, नुसता थकवा होता. मावशीने मात्र तो आकडा लिहायला वेळ लावला.

वाण पारखायला रोपांवर सोडायच्या खोडकिडीच्या अळ्या मावशी वाढवायची, म्हणून तर तिला हे नाव पडलं. प्रयोगशाळेमागच्या खोलीत, डब्यांमध्ये, पीठ आणि यीस्टच्या तयार खाद्यावर. जावयाची होत नसेल एवढी बडदास्त. पण आयतं खाऊन अळी सुखावते, आणि चार पिढ्यांनंतर चिवट पान दिसलं की तोंड फिरवते. म्हणून दर हंगामाला रानातल्या अळ्या वेचून आणायच्या आणि डब्यांतल्यांत मिसळायच्या, असा नियम होता. रान ओढ्यापलीकडे, वाट चिखलाची, आणि मावशीचे गुडघे तीन वर्षांपासून संपावर. तीन वर्षं ती गेलीच नव्हती. रजिस्टरात मात्र 'रानातल्या अळ्या मिसळल्या' असं लिहीत होती, आणि सर काही न विचारता खाली सही करत होते. तो विश्वास तिला टोचायचा. मग ती भलत्यावरच डाफरायची. हंगामाच्या तोंडावर खोलीत चिखलाची पावलं उमटलेली दिसली की झाडूवाल्याला फैलावर घ्यायची. तो बिचारा शपथा घ्यायचा.

शेजारच्या ओळीत तुलनेसाठी मुद्दाम लावलेला कच्चा वाण होता. त्याची चाळण झाली होती. पण त्यात काय मोठंसं, त्याला मरतुकड्या अळीनेही खाल्लं असतं.

शेवटचं रोप झालं. सर कण्हत बांधावर टेकले आणि काटकीने बुटांचा चिखल खरवडू लागले. मावशी उभीच राहिली.

"सर, उद्या हा वाण नेऊ नका."

"का?"

तिने सगळं सांगितलं. गुडघे, रजिस्टर, तीन वर्षं. वाण दणकट नाही, अळ्याच मऊ आहेत. हाही शेतात जाऊन पडेल, आणि लोक तुम्हाला नावं ठेवतील. नोकरी गेली तरी चालेल, असंही ती म्हणाली, आणि तिला ते खरंच चालणार होतं, इतकी ती दमली होती.

सर एक बूट संपवून दुसऱ्याकडे वळले.

"तीन वर्षांपूर्वी तुम्हाला भिंतीला धरून जिना उतरताना पाहिलं," ते म्हणाले. "काही बोललो असतो, तर तशाच लंगडत रानात गेल्या असतात."

मावशीची नजर त्यांच्या बुटांवरच्या चिखलाकडे गेली.

"त्या झाडूवाल्याला यापुढे बोलू नका, ताई. ती पावलं तुम्ही यायच्या आत पुसायची म्हटलं, तरी मला वाकवत नाही." त्यांनी काटकी फेकली. "तुमची नोंद खरी आहे. गुडघे तेवढे माझे होते."