उजवा हात

फोटोग्राफीच्या वर्गात सरांनी तिला बजावलं होतं, "पोर्ट्रेट काढताना हात चौकटीबाहेर ठेवू नकोस. हातही चेहऱ्याइतकेच बोलतात."

म्हणून तिने वडिलांना खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून, गेलं वर्षभर, तो लुळाच पडला होता.

पहिला फोटो तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. हात मांडीपासून बोटभर वर दिसत होता. समोर मात्र तो जागच्या जागी होता.

दुसऱ्या फोटोत तो छातीपर्यंत आला होता.

"बाबा, हात हलवलात का?"

"माझी थट्टा करतेस होय गं?" बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

तिला थांबवेना. तिसऱ्या फोटोत हात सरळ तिच्याकडे लांबला होता. चौथ्यात चेहरा नव्हता, खिडकी नव्हती. सगळी चौकट एका तळव्याने भरून गेली होती.

ती पडद्यावर वाकून पाहत असतानाच कुणीतरी तिच्या कपाळावरची बट हळुवार कानामागे सारली. बोटं उबदार होती.

तिने मान वर केली. बाबा चार पावलांवर, खुर्चीतच होते. मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं हळूहळू मिटत होती.