एका बिडीत पलीकडं

भंगारवाल्या सादने नदीकाठच्या बाभळीला वजनकाटा टांगला आणि त्याच्याखाली बसकण मारली. धोंडाबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आज यंत्र चाललं तर माळ्यावर, नाही चाललं तर काट्यावर.

यंत्र त्यांच्या सासऱ्यांचं. वर मडक्याएवढं इंजिन, खाली कंबरेइतकी लांब नळी आणि नळीच्या टोकाला पंखा. हे नावेच्या मागे लावायचं इंजिन आहे, असं म्हातारा मरेपर्यंत सांगत होता. ह्याच्यावर एका बिडीत, म्हणजे एक बिडी ओढून होईस्तोवर, मांजरा नदी ओलांडली, असंही सांगत होता. गावाने लक्षात एवढंच ठेवलं, की गेलेला म्हातारा तिसऱ्या दिवशी परतला आणि पलीकडे तेलंगणात शिंदीची दारू स्वस्त मिळते. तेव्हापासून घराला नाव पडलं, 'जहाजवाले'. धोंडाबाईंचे नवरे हणमंतराव सत्तरीला आले, तरी ते नाव ऐकलं की वाट बदलायचे. आपला बाप थापाड्या नव्हता, एवढं एकदा चारचौघांत दिसावं, मग डोळे मिटायला मी मोकळा, असं ते रोज म्हणत. धोंडाबाई म्हणत, "त्याच्याआधी माळा मोकळा करा."

बिलोलीहून आलेल्या जिलानी मिस्त्रींनी सुरुवात कुंकवापासून केली. यंत्र नावेचं आहे हे हणमंतरावांखेरीज घरात कुणाला पटलेलं नव्हतं, पण लोखंडाचं आहे म्हणून दर खंडेनवमीला त्याची पूजा मात्र चुकली नव्हती. साठ वर्षांचे हळदकुंकवाचे थर मिस्त्री पेचकसाने खरवडत बसले.

"नवरीला बी येवढं लावत न्हाईत, हणमंतराव."

थर निघाले तसे खाली दोन मोठे पेच दिसले. मिस्त्रींनी ते फिरवून पाहिले, नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकांत फुंकर मारली आणि मान डोलावली.

"हे पेच नावेच्या फळीला धरायला. हितून पानी वर चढतंय, इंजिन गार ठेवायला. कोरड्यावर चालवलं तर जळून जाईल. हे नावेचंच हाय. नसलं तर माझी मिस्त्रीगिरी आजपासून बंद."

हणमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वळखलं म्हंजे चाललं न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. काट्याखाली साद बसल्या जागी जरा सरळ झाला.

पण नाव आणायची कुठून? पूल झाला आणि गावातल्या नावा चुलीत गेल्या. उरली होती ती गुऱ्हाळातली काहील, गुळाचा रस आटवायची भली मोठी गोल कढई. महापुरात माणसं, शेळ्या, एकदा तर अख्खी पंगत ह्याच काहिलीतून तरून गेलेली. तेव्हा तिच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. काहिलीच्या काठाला फळी बांधली, फळीला यंत्र आवळलं. मिस्त्रींनी ऑइल मिसळून पेट्रोल ओतलं. धोंडाबाईंनी नवऱ्याच्या गळ्यात ट्रॅक्टरची ट्यूब घातली, मोबाइल पिशवीत बांधून खिशात कोंबला आणि हळूच म्हणाल्या, "यंत्र बुडलं तर बुडू द्या. तुम्ही या."

हणमंतराव काहिलीत चढून बसले. इंजिन सुरू करायचा दोर कुजला होता, म्हणून बैलाचा कासरा इंजिनाच्या चाकाला गुंडाळला. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे राहून ओढू लागले. एक, दोन, पाच. काठावरून कुणीतरी ओरडलं, "जहाजवाले, भोंगा वाजवा की!" सादने काट्याच्या हुकाला तेल लावलं.

सातव्या हिसक्याला यंत्र खोकलं. आठव्याला धडाडलं. नळीत साठलेलं कुंकू धुऊन निघालं आणि मिस्त्रींच्या तोंडावर गुलाबी पाण्याची चिळकांडी उडाली. काहील काठावरून सुटली ती तीरासारखी. गावाने आ वासला. मिस्त्रींनी तोंड पुसून ऐटीत बिडी पेटवली.

दहा हात पुढे गेली आणि काहील फिरली. नुसती फिरली नाही, फिरतच राहिली. हणमंतराव क्षणात गावाकडे तोंड करून दिसत, क्षणात तेलंगणाकडे. गावाकडे तोंड आलं की ओरडत, पण वाक्य पुरं व्हायच्या आत पाठ व्हायची.

"मिस्त्री, थांबवू..."

एक फेरा.

"...कसं?"

"पेट्रोल सरलं की थांबतंय!" मिस्त्री ओरडले. गाव पोट धरून हसत होतं. धोंडाबाई हसत नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

फिरता फिरता काहील नदीच्या वळणावर आली. तिथल्या धारेने तिला उचललं आणि भिंगरीसारखी गरगरवत पलीकडे नेलं. हसणं हळूहळू कमी झालं. काहील तेलंगणाच्या चिखलात ठप्पकन बसली, इंजिन थांबलं, आणि इकडे संपत आलेल्या बिडीचा चटका मिस्त्रींच्या ओठाला लागला. पलीकडे हणमंतराव उभे राहिले, चक्कर येऊन बसले, पुन्हा उभे राहिले.

धोंडाबाईंचा मोबाइल वाजला.

"पोचलो! बघितलं का सगळ्यांनी? आबा खोटं बोलत न्हवते!" हणमंतराव लहान मुलासारखे रडत होते.

"हाव, बघितलं." धोंडाबाईंनी डोळे पुसले आणि सादकडे पाहून नकारार्थी मान हलवली. साद काटा सोडू लागला.

"पर आता परत कसं येऊ? पेट्रोल सरलं. काहिलीला धड तोंड बी न्हाई. आन् यंत्र सोडून मी येत न्हाई."

धोंडाबाईंनी पलीकडच्या चिखलातल्या त्या ठिपक्याकडे बघितलं, मनाशी काहीतरी हिशोब केला.

"मामंजी तिसऱ्या दिशी आले होते," त्या म्हणाल्या. "तुमची भाकरी आज थापू, का परवा?"