आत्याबाईंची कोरफड

वरकुटे गावात लग्न करून दिलेली संस्कृती बारामतीला पार्लरचं शिकलेली. लग्नाला तीन वर्सं झाली तरी मूल न्हाय म्हणून सारं गाव टोचायचं, पर सासू द्वारकाबाई कधी चकार शब्द बोलली न्हाय. उलट सुनंच्या डब्या-बाटल्या हातात घेऊन कौतुकानं म्हणायची, "रोज येगळंच का गं लावतीस?"

पाळीत बाजूला बसायची रीत नवऱ्यानं, विजयसिंहानं, लग्नातच मोडून टाकली हुती. त्यामुळं संस्कृतीबी मोकळेपणानं सांगायची, "आत्या, पाळीच्या आधी पुटकुळ्या उठत्यात, तवा ह्यो फेसवॉश. पाळी आली की कातडं नाजूक असतं, तवा नुसती कोरफड. मग पुढं सीरम."

"अगं बया! तोंडालाबी टायमटेबल!" म्हातारी पोट धरून हसली. पर तवापस्नं रोज सकाळी इचारायची, "आज काय गं, कोरफड आणू का?" व्हय म्हणलं की स्वतः बांधावरनं कापून आणायची. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं ही बाई करती, असं संस्कृती माहेरी सांगत सुटली.

आज कोरफड सुनंच्या हातात देऊन द्वारकाबाई गोठ्याकडं गेली. संस्कृती मागनं चहा घेऊन गेली, तर सासू फोनवर बोलत हुती, "ह्याबी महिन्याला न्हायच वो पाव्हणं. तुमच्या पोरीला आणखी कुठं देऊ नका."


शेजारीच धार काढत बसलेला विजयसिंह म्हणाला, "हळू बोल आये, ती ऐकंल."