मंगळवारचा उपास

श्रीनिधीने गाडी लांब चिंचेखाली उभी केली. बारवेपर्यंत पायीच जायचं, हे त्याने कॅनडातून निघतानाच ठरवलं होतं. पण ती पायवाट आता राहिली नव्हती. तिच्या जागी रंगीत फरशा आल्या होत्या, लोखंडी कठडा आला होता, आणि गावाच्या नावाची माणसाएवढी लाल अक्षरं उन्हात एकटीच उभी होती. मंगळवार होता. बघायला आलेलं कुणी नव्हतं.

अंबिकाकाकू दारातच दिसली. गाडीचा आवाज ऐकून लगबगीने बाहेर आली असावी.

"तू होय," ती म्हणाली. "मला वाटलं, बारव बघायला कुणी आलं."

गाड्यांनी हिला जीव नकोसा केलाय, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. काकू वाळलीही होती. माधवकाका गेल्यापासून ती या घरात एकटीच राहत होती.

श्रीनिधीच्या साऱ्या सुट्ट्या या घरामागच्या पायऱ्यांवर गेल्या होत्या. पूजा आटोपली की काकू त्याच्या मुठीत अक्षता द्यायची आणि त्या दिवसाच्या वाराची कहाणी सांगायची. पाण्यात पाय सोडून तो हुंकार देत बसायचा. कहाणी झाली की मगच ती पानं मांडायची. खाली हिरवं पाणी, वर पारव्यांची घुमघुम, मध्ये काकूचा हळू आवाज. तिकडे सकाळी काचेवरचं बर्फ खरडताना त्याला नेमकं हेच आठवायचं.

गल्ली मात्र तशीच शांत होती. समोरच्या सरजाबाईच्या दाराला कुलूप होतं. ती लेकाकडे मानवतला गेली ती गेलीच, असं काकूने सांगितलं. पलीकडचं घर पुण्याला गेलं होतं, त्याच्या पलीकडचं छत्रपती संभाजीनगरला. एवढी तरी शांतता उरली म्हणून श्रीनिधीला बरं वाटलं.

काकू देवघरातून अक्षता घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"बसतोस का जरा?"

"बसतो ना काकू. ऊन चांगलंय तोवर फोटो काढून येतो."

अक्षता त्याने खिशात टाकल्या. बारवेवर गेला तर बायकोचा, मैथिलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला त्याने कमानी दाखवल्या, कोनाड्यातला गणपती दाखवला, मग कठडा आणि लाल अक्षरं दाखवून तो बराच वेळ चिडून बोलत राहिला. परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू ताटातली भाकरी गायीपुढे ठेवत होती.

"जेवलीस ना?"

"मंगळवारचा उपास असतो."

"तू तर शनिवार धरायचीस."

"आता मंगळवार, बुधवार पण घडतात. कधी गुरुवारही."

या वयात एवढं कडक करू नये, असं त्याने तिला समजावलं. मग रविवारचं विचारलं.

"रविवारी कसला उपास," काकू म्हणाली आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

"रविवारी तर ही माणसं तुला धड जेवूही देत नसतील."

काकू वात वळत राहिली.

मग त्याने मूळ विषय काढला. सरपंच महारुद्रला बारवेपर्यंत बस न्यायची होती आणि वाट काकूच्या अंगणातूनच जात होती. अंगण मिळालं नाही तर काम तिथेच थांबणार होतं. येत्या रविवारी जिल्ह्याचे साहेब येऊन तिला समक्ष विचारणार होते. एकदा बस आली की हॉटेलं येतील, हॉटेलं आली की भोंगे येतील, असं श्रीनिधी सांगत गेला. या बारवेची शांतता म्हणजेच सगळं काही, तीच गेली तर आपण परत यायचं तरी कशाला, असंही म्हणाला. काकू ऐकत होती. त्याच्या प्रत्येक वाक्याला ती हळूच "हूं" म्हणत होती.

"तू फक्त नको म्हण. पुढचं मी बघतो."

"हूं," काकू म्हणाली.

तो निर्धास्त होऊन जिंतूरच्या लॉजवर गेला.

रविवारी चिंचेखाली गाडी लावायला जागा नव्हती. देवगाव फाट्याकडून गाड्यांची रांगच लागली होती. कठड्याशी भेळवाला उभा होता, पायऱ्यांवर कुणाची तरी पोरं ओरडत होती. साहेबांनी काकूला नमस्कार केला आणि अंगण द्यायला तिची काही हरकत आहे का, असं विचारलं. श्रीनिधी तिच्या शेजारीच उभा होता.

"घ्या," काकू म्हणाली. "भिंत आड येत असली तर तीही पाडा."

श्रीनिधीने महारुद्रला बाजूला घेतलं आणि एकट्या म्हातारीवर दबाव आणताना लाज कशी वाटली नाही, असं विचारलं.



"दबाव? आमी? भाऊ, फरशा बसवा, फाट्यावर पाटी लावा म्हणून काकूच आमच्या लय मागं लागल्या होत्या. ग्रामपंचायतीत येऊन बसायच्या. मी म्हणलं, तुमाला कशाला पायजे ही गर्दी? तर म्हणल्या, गर्दी नको बाबा, रोज एक माणूस आलं तरी बास."

श्रीनिधी वळला. काकू त्याच्या शेजारी नव्हती. ती खाली पायऱ्यांवर, पाण्यात पाय सोडून बसलेल्या एका पोरीजवळ पोचली होती. पोरगी हैदराबादची असावी. काकूने तिचा हात हातात घेतला, मूठ उघडली आणि तळहातावर अक्षता ठेवल्या.

"आंटी, मराठी नै आती मेरेको," पोरगी संकोचून म्हणाली.

"नको येऊ दे," काकू तिच्याजवळ टेकत म्हणाली. "नुसतं हूं हूं म्हणत बस बेटा. कहाणी झाली की मी जेवायला मोकळी."