नळीला झबलं

धाकट्याने व्हॅनची सीट उचलून बाहेर ठेवली, खालच्या हीटरकडे बघितलं आणि म्हणाला, यापेक्षा आजारी माणूस परवडला, निदान कुठे दुखतंय ते तरी सांगतो. मास्तरीणबाई एरवी आपल्या या धाकट्या भावाच्या बोलण्यावर खळखळून हसल्या असत्या. आज नुसती मान हलवून त्यांनी नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

व्हॅन म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, शिंपीमास्तरांचं, फिरतं शिलाईचं दुकान. ऑफिसांच्या रांगेपुढे उभी करायची, इंजिन बंद, दार बंद आणि आत मशीन चालू. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या जाकिटाची चेन बदल. इंजिन बंद असलं तरी गाडी गरम ठेवणारा डिझेलचा हीटर होता, म्हणून थंडीत बोटं वळायची. आता तो हीटर थोडा वेळ चालायचा आणि मान टाकायचा. उद्या गाडी बघायला एकजण येणार होता, आणि बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

चालतं दुकान विकायला का काढलं, ते धाकट्याला कुणी सांगितलं नव्हतं. थंडी पडल्यापासून मास्तरांचं डोकं ठणकत होतं. मळमळायचं, बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. गेल्या आठवड्यात तर त्यांनी एका बिचाऱ्याच्या पँटचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले. तो माणूस पोट धरून हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ असाच शब्द विसरत विसरत, डोक्यातल्या गाठीने गेला होता. मास्तरांच्या डोक्याचा फोटो सोमवारी काढायचा होता, पण नवरा-बायकोने आपापल्या मनात निकाल आधीच लावून टाकला होता. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

धाकट्याने बॅटरी तपासली, ती ठणठणीत. पंपाला कान लावला, टिकटिक बरोबर. डिझेल पोचत होतं, पेटत होतं, तरी हीटर खोकल्यासारखा करून बंद पडत होता. याचा श्वास कुठेतरी कोंडतोय, असं पुटपुटत तो टॉर्च घेऊन सीटखालच्या खोबणीत शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग पाय हलायचे थांबले.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळंठिक्कर पडलेलं कापड होतं. नळीच्या मापाचं, दुहेरी, काठाला बारीक टाका घातलेलं.

"भावोजी, ही शिलाई तुमचीच ना?"

मास्तर ओशाळले. हीटरचा धूर बाहेर नेणारी नळी खडखडायला लागली होती, कामात लक्ष लागेना. वेल्डरच्या एप्रनचं जाड, न जळणारं कापड उरलं होतं. त्याचं तिला छानपैकी झबलं शिवून घातलं. खडखड थांबली, मास्तर खूश.

धाकटा हसेल असं मास्तरीणबाईंना वाटलं. तो हसला नाही. नळी सीटखालीच तडकली होती. झबल्याने आवाज अडवला होता, धूर नाही. तो गाडीतच पसरत होता, आणि हीटर तोच परत ओढून गुदमरत होता. धाकट्याने मास्तरांना विचारलं, दिवसभर दार लावूनच बसता ना? आणि डोकं दुखतं का? मास्तरांनी बायकोकडे बघितलं.

"रविवारी?" धाकट्याने विचारलं. "रविवारी दुखतं का?"

"रविवारी कधीच नाही," मास्तरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

रविवारी मास्तर घरी असायचे. रविवारी ते पोटभर जेवायचे, गप्पा मारायचे, टीव्हीवरून भांडायचेसुद्धा. आपल्या हातच्या जेवणाचा गुण, असं बाईंना वाटायचं. आता त्या बाहेर काढून ठेवलेल्या सीटवर मटकन बसल्या.

धाकट्याने बहिणीकडून नंबर घेऊन काळ्या हातांनीच मास्तरांना तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी प्रश्नावर प्रश्न विचारले. काम कुठे बसून करता, हे आपण आधीच विचारायला हवं होतं, असंही म्हणाल्या. सोमवारचा फोटो काढूच, पण डोक्यापेक्षा त्या गाडीचाच संशय मला जास्त येतोय, आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला या. धाकट्याने नवरा-बायकोला शेजाऱ्याच्या गाडीतून, खिडक्या सताड उघड्या ठेवून पाठवलं.

मास्तरांच्या रक्तात धुराचं विष सापडलं, तेही भरपूर. इतकी वाईट बातमी मास्तरीणबाईंनी आयुष्यात इतक्या आनंदाने ऐकली नव्हती. नवऱ्याच्या तोंडाला प्राणवायूचा मास्क लावलेला असताना त्या बाहेर गेल्या, उद्याच्या माणसाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा धाकट्याने नळी बदलली होती. नवी नळी अखंड होती, सीटखाली एकही जोड नाही. आतली काजळी खरवडली होती, आणि धूर साठला तर बोंब मारणारी एक डबी वर चिकटवली होती. हीटर एका सुरात चालत होता. बाईंनी तरी दार उघडंच ठेवायला लावलं. गरम हवा आली तशी निघून जात होती, आणि तिघंही कुडकुडत तिथेच उभी होती.

"डोकं कसंय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी कपाळ दाबून बघितलं.

"दुखतंय," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना हसू फुटलं. "पण आता नुसतं डोकंच दुखतंय."